एकच फ्रिज, तीन दुकाने

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशीचे वर्तमानपत्र हातात घेतले, की बातम्यांपर्यंत पोचायला चार पाने उलटावी लागतात. तोवर फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी आणि भिंतभर टीव्ही यांचेच राज्य. एका पानावर विजय सेल्स, दुसऱ्यावर क्रोमा, तिसऱ्यावर रिलायन्स डिजिटल, आणि मुंबईच्या उपनगरांत कोहिनूर किंवा स्नेहांजलीही. जरा निरखून पाहिले तर वस्तू बऱ्याचदा त्याच निघतात. त्याच कंपनीचा तोच दोन दारांचा फ्रिज, किंमतही उन्नीस-बीस. खरा फरक असतो तो खालच्या बारीक अक्षरांत. अमुक बँकेचे कार्ड असेल तर इतके कमी, जुना फ्रिज दिला तर तितके कमी, हप्त्यांनी घेतला तर आज काहीच द्यायचे नाही, आणि या सगळ्यावर एक चिमुकली चांदणी: अटी लागू.

यांतले कोणते दुकान बरे, हा प्रश्न गिऱ्हाइकाला आज पडला असे वाटते. मुंबईत तो पन्नास-साठ वर्षांपासून पडतो आहे. त्याचा इतिहास थोडा गमतीचा आहे. दर पंधरा-वीस वर्षांनी काहीतरी असे घडले, की गिऱ्हाइकाला चार दुकाने ताडून पाहणे सोपे झाले. आणि दर वेळी विक्रेत्यांनी किमतीला एक नवी घडी घातली, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून उलगडत बसा.

सुरुवातीला मात्र ताडून पाहण्यासारखे काही नव्हतेच. रेडिओच्या जमान्यात दुकान कंपनीचे असे. म्हणजे मालकी कुणाचीही असो, पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘मर्फी’ किंवा ‘फिलिप्स’ आणि खाली लहान अक्षरांत दुकानदाराचे नाव. मर्फीचे रेडिओ ठाण्याच्या कारखान्यात बनत. ओठांवर बोट टेकवलेले मर्फीचे बाळ दिनदर्शिकेवरून घराघरांत पोचले होते, रेडिओ अजून पोचला नव्हता अशा घरांतही. टाटांच्या नेल्कोचा ‘नॅशनल एको’ होता. पण एका दुकानात हे दोन्ही शेजारी-शेजारी लावून कुठल्याचा आवाज गोड ते ऐकावे, अशी सोय फारशी नसे. अधिकृत विक्रेता म्हणजे एका कंपनीशी सोयरीक. रेडिओ घेतला की टपाल कचेरीतून परवाना काढायचा, दरवर्षी त्याच्या पुस्तिकेत शिक्के मारून घ्यायचे. ही कटकट पुढे टीव्हीलाही लागू झाली आणि 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली. असल्या जिनसेची खरेदी हा सोन्याच्या खरेदीइतकाच गंभीर मामला होता, आणि ती ओळखीच्या माणसाकडेच व्हायची.

ज्याला ओळख नव्हती तो लॅमिंग्टन रोडला जाई. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे त्याचे आजचे कागदोपत्री नाव. पण ग्रँट रोड स्टेशनवर उतरून कुणी ते नाव घेऊन पत्ता विचारत नाही. रेडिओचे व्हॉल्व्ह, स्पीकर, ट्रान्सफॉर्मर, पुढे ट्रान्झिस्टर आणि त्याहून पुढे संगणकाचे सुटे भाग अशी या रस्त्याची वाटचाल झाली. इथला गिऱ्हाईक अर्धा तंत्रज्ञ असे. तयार रेडिओपेक्षा जोडून घेतलेला रेडिओ स्वस्त पडतो हे त्याला ठाऊक होते. पंखे आणि दिवे घ्यायचे तर लोहार चाळ. पुण्यात हेच काम बुधवार पेठेतली तपकीर गल्ली करी आणि अजूनही करते. या गल्ल्यांत तुलना होई ती पायांनी: एका दुकानातून भाव काढायचा, पुढच्या दुकानात तो सांगायचा, आणि तिसऱ्यात ‘फायनल बोला’ म्हणायचे.

मुंबईतल्या आजच्या साखळी दुकानांची गोष्ट मात्र यापैकी कुठल्याही बाजारात सुरू होत नाही. ती सुरू होते माहीमला. हरियाणातून आलेले नानू गुप्ता यांनी 1967 मध्ये तिथे एक छोटे दुकान टाकले. शिलाई यंत्रे, पंखे, ट्रान्झिस्टर असा माल. तेव्हा मुंबईत टीव्ही नव्हताच. मध्यमवर्गीय वस्तीत, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, निरनिराळ्या वस्तू एका छपराखाली मिळणे हेच त्याचे वेगळेपण. विजय सेल्सच्या दुकानांची संख्या पुढे शंभराच्या वर गेली आणि त्यातली कित्येक महाराष्ट्राबाहेर निघाली, पण कारभार गुप्ता कुटुंबाकडेच राहिला. नानूभाईंनंतर नीलेश आणि आशिष या मुलांनी तो पाहिला. ही कौटुंबिक मालकी पुढे महत्त्वाची ठरणार होती.

2 ऑक्टोबर 1972 ला वरळीहून मुंबई दूरदर्शन सुरू झाले. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्याला चित्र दिसू लागले. ‘छायागीत’ आणि ‘आमची माती, आमची माणसं’ पाहायला चाळीतल्या ज्या एका खोलीत टीव्ही असे तिथे गर्दी होई. ज्यांच्या चाळीत तोही नव्हता ते दुकानाच्या काचेबाहेर उभे राहत. क्रिकेटचा सामना असला तर फुटपाथ बंद. हे फुकटे प्रेक्षक दुकानदाराला चालत. आज काचेबाहेरचा, उद्या आतला.

टीव्हीने दुकानाचे रूप पालटले, आणि त्याला सरकारी धोरण कारणीभूत झाले. टीव्ही बनवण्याचे परवाने सुरुवातीच्या काळात प्रामुख्याने लहान उद्योगांना आणि राज्य सरकारांच्या कंपन्यांना मिळाले. परिणाम असा, की पाहता पाहता बाजारात ढीगभर नावे आली. टेलिव्हिस्टा, वेस्टन, क्राउन, डायनोरा, हैदराबादच्या ईसीआयएलचा ईसी, उत्तर प्रदेश सरकारचा अपट्रॉन, केरळचा केल्ट्रॉन. आतली चित्रनळी आणि सर्किट पुष्कळदा एकसारखेच. वेगळे असायचे ते सरकत्या झडपांचे लाकडी कपाट आणि चार पाय. एका कंपनीशी सोयरीक ठेवून आता दुकानदाराचे भागेना. त्याला पाच-सहा नावे ठेवणे भाग पडले, आणि गिऱ्हाइकाला पहिल्यांदाच एका भिंतीवर पाच पडदे चालू दिसले.

पण पाच पडदे पाहून त्याने काय ठरवावे? चित्र अँटेनावर अवलंबून. आवाज सगळ्यांचा सारखाच. म्हणून त्या काळचा शहाणा गिऱ्हाईक टीव्हीपेक्षा दुरुस्तीची चौकशी अधिक करी. कंपनीचा माणूस किती दिवसांत येतो? दुकानदाराचा स्वतःचा मेकॅनिक आहे का? पावसाळ्यात गच्चीवरचा अँटेना वाकला तर कोण चढणार? दुकानाची पत ठरे ती या उत्तरांवर, आणि ती छापील जाहिरातीत सापडत नसे. शेजाऱ्याला विचारावी लागे. आजच्या संकेतस्थळांवरच्या चांदण्या-ताऱ्यांपेक्षा ती माहिती खात्रीची होती, असे म्हणायला हरकत नाही. शेजाऱ्याने निदान टीव्ही विकत घेतलेला असे.

1982 साली दिल्लीच्या एशियाडने रंग आणला. त्या वर्षीच्या स्वातंत्र्यदिनापासून दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि सरकारने परदेशी रंगीत संच व सुटे भाग आणण्याची वाट मोकळी केली. 1984 मध्ये ‘हम लोग’, 1987 च्या जानेवारीत ‘रामायण’. गावोगावी लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले, आणि टीव्हीचा बाजार मुंबई-पुण्याबाहेर सांगली, जळगाव, नांदेडपर्यंत पसरला. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या धूत कुटुंबाने व्हिडिओकॉन काढले. मुंबईच्या मिर्क इलेक्ट्रॉनिक्सने 1981 मध्ये सुरू केलेल्या ओनिडाने हिरव्या शिंगवाल्या सैतानाला जाहिरातीत आणून शेजाऱ्याच्या मत्सराचे भांडवल केले. ज्या शेजाऱ्याला सल्ला विचारायचा, त्यालाच जळवायचे, अशी ती नवी रीत होती.

याच्या समांतर एक वेगळाच बाजार चालू होता, आणि त्याच्याशी तुलना केल्याशिवाय कुठलाही मुंबईकर टेपरेकॉर्डर घेत नसे. हाजीअलीजवळचे हिरा पन्ना, क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातले मुसाफिरखाना आणि मनीष मार्केट. आयात कर जबर होता, परकीय चलनावर बंधने होती. त्यामुळे जपानी टू-इन-वन, व्हीसीआर, वॉकमन हे एक तर आखातातून सुट्टीवर आलेल्या नातेवाइकाच्या सामानातून येत किंवा या बाजारांतून. इथे बिल मागणे म्हणजे बावळटपणा. वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द, आणि तोही दुकानाच्या पायरीपर्यंत. तरीही लोक जात, कारण शोरूममधल्या देशी मालाला गिऱ्हाइकाचा जो खरा पर्याय होता तो इथे होता. 1991 नंतर आयात कर टप्प्याटप्प्याने उतरले, परदेशी कंपन्या स्वतःच इथे आल्या आणि या बाजारांची खुमारी ओसरली. नवलाईच्या वस्तूंची वाट पाहायला आता आखातातला मावसभाऊ लागत नव्हता.

साखळी दुकाने वाढवण्याची हौस एकट्या मुंबईला नव्हती. चेन्नईत तर ही परंपरा मुंबईहून थोडी जुनीच म्हणावी लागेल. मैलापूरमध्ये 1965 साली सुरू झालेल्या विवेक्सने नववर्षाच्या पहिल्या दिवशी सवलतीची विक्री लावून चेन्नईकरांना 1 जानेवारीच्या पहाटे रांगेत उभे राहायची सवय लावली. त्याच शहरात व्हीजीपी या घराण्याने घड्याळे, रेडिओ, पंखे सुलभ हप्त्यांवर विकून नोकरदार वर्ग बांधून घेतला. व्हीजीपीतच विक्रेत्याची नोकरी करून बाहेर पडलेले एच. वसंतकुमार यांनी 1978 मध्ये वसंत अँड कंपनी काढली, तामिळनाडूभर पसरवली, आणि पुढे ते कन्याकुमारीचे खासदार झाले. हैदराबादेत 1980 मध्ये बजाज इलेक्ट्रॉनिक्स उभे राहिले. पुण्याच्या बजाजांशी त्याचा काही संबंध नाही, नावाचा गोंधळ तेवढा आहे. त्याची मूळ कंपनी 2022 च्या ऑक्टोबरात शेअर बाजारात आली. बंगळुरूला गिरियाज, कोलकात्याला खोसला आणि ग्रेट ईस्टर्न.

म्हणजे प्रत्येक महानगराचे एक-दोन राजे, आणि राजाचे राज्य वेशीपर्यंत. हे असे का झाले? दुकानदारांच्या अंगात धमक नव्हती असे नाही. विक्रीकर प्रत्येक राज्याचा वेगळा होता. एका राज्यातून दुसऱ्यात माल नेला की केंद्रीय विक्रीकर. कंपन्यांचे वितरक प्रदेशवार वाटलेले. त्यावर महाराष्ट्रात जकात! मुंबईच्या वेशीवर मुलुंड, दहिसर, मानखुर्दच्या नाक्यांवर ट्रकच्या रांगा लागत, आणि तोच फ्रिज ठाण्यात एका भावाने व मुलुंडमध्ये दुसऱ्या भावाने मिळे. त्यात ‘पक्के बिल हवे की कच्चे?’ हा प्रश्न. कच्चे म्हणजे विक्रीकर वाचणार, भाव उतरणार, आणि उद्या काही बिघडले तर हातात फक्त चिठोरे. दोन दुकानांचे भाव सांगणारे गिऱ्हाईक पुष्कळदा दोन करांचे भाव सांगत असे, हे त्याच्या ध्यानीमनीही नसे.

किमतीवर छापील लगाम आला तो 1990 च्या सुमारास. वेष्टनबंद मालाविषयीचे 1977 चे नियम बदलून सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, म्हणजेच एमआरपी, छापणे बंधनकारक झाले. त्याआधी ‘स्थानिक कर वेगळे’ असे छापून दुकानदाराला हवे तेवढे जोडता येई. ग्राहक चळवळीने या प्रश्नावर बरेच रान उठवले होते. महाराष्ट्रात 1970 च्या दशकाच्या मध्यापासून बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीचे काम उभे राहिले होते. 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली होती. 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा आल्यावर बंद पडलेला टीव्ही घेऊन जिल्हा मंचात जाता येऊ लागले, आणि पक्क्या बिलाला पहिल्यांदाच खरी किंमत आली. शाहूमहाराजांच्या कोल्हापुरापासून दादरच्या चाळीपर्यंत लोक बिले जपून ठेवू लागले, त्यामागे हा कायदा आहे.

एमआरपीचा एक अनपेक्षित परिणामही झाला. कमाल मर्यादा म्हणून छापलेला आकडा हळूहळू सवलत मोजण्याचा खांब बनला. फ्रिजवर एमआरपी मुद्दाम चढी छापायची आणि मग ती लाल रेघेने खोडून खाली ‘आमची किंमत’ लिहायची, ही युक्ती देशभर रुळली. त्या खोडलेल्या किमतीला फ्रिज कधी कुणी घेतलेला असतो का, हा प्रश्न गिऱ्हाइकाने विचारायला हवा होता. त्याऐवजी तो किती टक्के खोडले तेच मोजत राहिला.

1994 ते 1997 या काळात सोनी, सॅमसंग, एलजी स्वतःच्या कंपन्या काढून भारतात उतरल्या. एलजीने पुढे पुण्याजवळ रांजणगावात कारखानाही उभारला. पण त्या दशकात बाजार सर्वांत जास्त हलवला तो आकाईने, आणि तेही तंत्रज्ञानाने नव्हे. बॅरन इंटरनॅशनल या मुंबईच्या कंपनीने ते जपानी नाव घेऊन वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या: जुना टीव्ही आणा, नवा घेऊन जा. घरात पडलेले लाकडी कपाट एकाएकी मोलाचे झाले. एक्स्चेंज ऑफर हा शब्द मराठी घरांत तेव्हा शिरला तो आजतागायत बाहेर पडलेला नाही.

यामुळे तुलना अवघड झाली. जुन्या संचाची किंमत कुणी ठरवायची? एक दुकान दोन हजार धरणार, दुसरे तीन हजार. पण दुसऱ्याने नव्याचा भाव आधीच वाढवून ठेवलेला. ज्याच्याकडे जुना टीव्ही नाही त्याने कुठला भाव खरा मानायचा? किमतीची ही पहिली मोठी घडी. दुसरी घडी हप्त्यांची. हप्ते चेन्नईला जुने होते, पण महाराष्ट्रात त्यांना पगारदार घराच्या आत नेले ते वित्तकंपन्यांनी. पुण्याच्या बजाज समूहाने 1987 मध्ये बजाज ऑटो फायनान्स काढली ती स्कूटर-रिक्षांसाठी. कालांतराने तिचे टेबल टीव्हीच्या दुकानात लागले, 2010 मध्ये ‘ऑटो’ हा शब्द नावातून गेला, आणि आज कुठल्याही मोठ्या शोरूममध्ये बिल करायला जाताना त्या टेबलावरूनच जावे लागते.

शून्य टक्के व्याज ही या दुकानांतली सर्वांत गोड ओळ. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्ये बँकांना बजावले, की शून्य टक्के व्याज असे काही नसतेच. व्याज प्रक्रिया शुल्काच्या रूपाने लपवले जाते आणि ते ग्राहकापासून लपवू नये. त्यानंतर काही दिवस जाहिरातींतून ती ओळ दबली. नंतर ‘नो कॉस्ट ईएमआय’ हे नवे कपडे घालून परत आली. व्याज कंपनी सोसते, रोखीच्या गिऱ्हाइकाला मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळत नाही, किंवा प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा कर वेगळा लागतो. यांपैकी कुठून तरी पैसा येतोच.

ऑक्टोबर 2006 मध्ये जुहूला क्रोमाचे पहिले दुकान उघडले. टाटांची इन्फिनिटी रिटेल ही कंपनी, आणि पाठीशी ऑस्ट्रेलियाची वूलवर्थ्स. परदेशी कंपनीला अनेक ब्रँडची किरकोळ विक्री करायला तेव्हा भारतात मनाई होती, घाऊक धंद्याला नव्हती; म्हणून वूलवर्थ्सने माल मागवायचा आणि कसब पुरवायचे, दुकान टाटांनी चालवायचे अशी वाटणी होती. 2012 मध्ये वूलवर्थ्सने आपला भारतीय घाऊक धंदा टाटांनाच विकला. (तिकडे ऑस्ट्रेलियात त्यांनी त्याच वर्षी विकलेली डिक स्मिथ ही साखळी 2016 मध्ये पार बंद पडली. कसब पुरवणाऱ्याचेही घर नेहमी शाकारलेले असतेच असे नाही.)

क्रोमाने मुंबईकराला जे दिले ते म्हणजे मोकळीक. वस्तू काउंटरच्या पलीकडे नव्हत्या. कॅमेरा हातात घेता येई, लॅपटॉपवर बोटे चालवता येत. प्रत्येक वस्तूखाली किमतीची चिठ्ठी. ‘आम्ही तुम्हाला विकत घ्यायला मदत करतो’ अशा अर्थाचे घोषवाक्य. घासाघीस न जमणाऱ्या, किंवा ती करताना लाजणाऱ्या नोकरदार तरुणाला हे स्वर्गासारखे वाटले. त्याच्या वडिलांना मात्र ते पटले नाही. चिठ्ठीवरचा भाव म्हणजे बोलणीची सुरुवात असते, असा त्यांचा अनुभव होता. आणि खरे सांगायचे तर तो अगदीच चुकीचा नव्हता. मोठ्या साखळीतही दुसऱ्या दुकानाचा लेखी भाव दाखवला तर व्यवस्थापकाला विचारून येतो म्हणणारा विक्रेता पुष्कळदा काहीतरी घेऊनच परत येतो.

लगोलग, 2007 मध्ये, रिलायन्स डिजिटल आले. फ्युचर समूहाचे ईझोन, व्हिडिओकॉन समूहाचे नेक्स्ट हेही मैदानात होते. त्या दोन-तीन वर्षांतली आर्थिक पाने चाळली तर सगळ्यांचा एकच सूर दिसतो: कोपऱ्यावरचा टीव्हीवाला आता संपणार. संपले कोण? व्हिडिओकॉन 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. फ्युचर रिटेल 2022 मध्ये त्याच वाटेने गेली. माहीमच्या 1967 च्या दुकानातून वाढलेली साखळी मात्र टिकली आणि वाढली. टाटा आणि अंबानी यांच्या खिशाशी तिची बरोबरी होणार नव्हती; पण कर्ज काढून शंभर शहरांत एकदम झेंडे लावण्याचा मोह तिने टाळला, पाय पसरले ते मुंबई-पुण्यात घट्ट रोवून, आणि नवरात्र-दिवाळीच्या हंगामात कंपन्यांकडून भावात काय काढून घ्यायचे हे घरच्यांनाच ठाऊक होते. नोकरीवर आलेला व्यवस्थापक तीन वर्षांत बदलतो. मालकाची आठवण पिढ्यांची असते.

6 ऑक्टोबर 2014 या दिवशी फ्लिपकार्टने ‘बिग बिलियन डे’ लावला. संकेतस्थळ कोलमडले, माल संपला, संस्थापकांनी दुसऱ्या दिवशी ग्राहकांची माफी मागितली. पण त्या एका दिवसाने सवय बदलली ती कायमची. गिऱ्हाईक आता शोरूममध्ये टीव्ही पाहू लागला आणि तिथेच उभा राहून मोबाइलवर त्याचा भाव शोधू लागला. दुकानदार चिडले, काही कंपन्यांनी अनधिकृत ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतलेल्या मालाला वॉरंटी देणार नाही असे जाहीर केले. लॅमिंग्टन रोड, तपकीर गल्ली, तीन शोरूम आणि दोन संकेतस्थळे आता एकाच तळहातावर आली होती. ताडून पाहणे याहून सोपे होणे शक्य नव्हते.

म्हणून आणखी एक घडी पडली, मॉडेल क्रमांकाची. तोच टीव्ही, तोच पडदा. पण संकेतस्थळावर एक क्रमांक आणि दुकानात दुसरा. एका साखळीसाठी शेवटची दोन अक्षरे वेगळी, कधी एखादे जोडणीचे भोक कमी, कधी रिमोट साधा. जगभर चालणारी ही चाल आहे. तुमच्या हातातल्या मोबाइलवर नेमका तोच क्रमांक सापडला नाही, की ‘आमच्यापेक्षा स्वस्त दाखवा, फरक परत देतो’ असे म्हणायला दुकानाचे काय जाते?

आणि ज्या विक्रेत्याला आपण ‘यातला कुठला चांगला?’ म्हणून भाबडेपणाने विचारतो, तो अनेकदा दुकानाचा नोकर नसतोच. कंपनीच्या रंगाचा टी-शर्ट घातलेला तो प्रमोटर. त्याचा पगार टीव्हीची कंपनी देते. तो शेजारच्या कंपनीची निंदा करणार नाही, पण तुम्हाला हळूच आपल्या भिंतीकडे वळवील. एक कंपनी, एक दुकान या रेडिओच्या दिवसांतली सोयरीक एका छपराखाली दहा भिंतींवर वाटली गेली, एवढाच काय तो बदल.

दोन गोष्टींनी गिऱ्हाइकाच्या बाजूने मात्र निश्चित भर टाकली. ऊर्जा दक्षता ब्युरोची तारांकित चिठ्ठी 2006 मध्ये आली आणि 2010 च्या जानेवारीपासून एसी, फ्रॉस्ट-फ्री फ्रिज यांसारख्या वस्तूंवर सक्तीची झाली. विजेचा वर्षभराचा खप युनिटांत छापलेला असतो. साऱ्या शोरूममध्ये सवलतींच्या गदारोळात खरीखुरी ताडून पाहता येण्याजोगी ही एकच चिठ्ठी आहे, आणि तीच सर्वांत कमी वाचली जाते. या ताऱ्यांचे निकष मधून मधून कडक होतात; एसीसाठी 2018 मध्ये ते बदलले, त्यामुळे चिठ्ठीवरचे वर्ष पाहिल्याशिवाय पाच ताऱ्यांना अर्थ नाही. गोदामात राहिलेला दोन वर्षांपूर्वीचा पाच ताऱ्यांचा एसी नव्या मोजणीत चारच ताऱ्यांचा भरू शकतो.

दुसरी गोष्ट करांची. मुंबईची जकात 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर गेली. नाक्यांवरची रांग रात्रीत संपली, आणि ठाणे-मुलुंडचा तो जुना फरक इतिहासजमा झाला. सुरुवातीला टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन सरसकट 28 टक्क्यांत होते. 2018 च्या जुलैत फ्रिज, वॉशिंग मशीन आणि लहान टीव्ही 18 टक्क्यांवर आले, आणि मोठे टीव्ही व एसी 22 सप्टेंबर 2025 पासून. देशभर कर एकच झाल्यामुळे शहराच्या वेशीपुरत्या राज्यांचे दिवसही संपत आले. क्रोमाची दुकाने पाचशेच्या पुढे गेली, विजय सेल्स हैदराबादकडे गेले, आणि हैदराबादचे बजाज इलेक्ट्रॉनिक्स आपल्या प्रांताबाहेर दिल्लीच्या परिसरात उतरले.

मग यंदाच्या पाडव्याला कुठल्या दुकानात जावे? छापील भावात विजय सेल्स, क्रोमा आणि रिलायन्स डिजिटल या तिघांत फारसा फरक उरलेला नाही. फरक पडतो तो घरी माल कधी येतो, एसी बसवायला येणारा माणूस तांब्याच्या नळीचे वेगळे किती लावतो, आणि पहिल्या आठवड्यात तक्रार केली तर फोन उचलतो कोण, यात. तेव्हा वाढीव वॉरंटी, जुन्या वस्तूची किंमत, कार्डाची सूट आणि हप्त्याचे शुल्क हे चारही बाजूला काढून, मॉडेल क्रमांक पुरता लिहून, घरपोच व बसवण्यासह रोख भाव तीन ठिकाणी लेखी मागावा. जो द्यायला कां-कू करील तिथून उठावे.